शेजारच्या वस्तीची पुस्तकं

आत्मचरित्रं आणि कादंबऱ्या मनापासून वाचणाऱ्या मराठी वाचकाचा एक समज फार पक्का आहे. ज्यानं जास्त सोसलं त्याच्या हातून जास्त अस्सल पुस्तक उतरतं, आणि अस्सलपणाची खूण म्हणजे वाचताना डोळ्यांत येणारं पाणी. ‘वाचून रडू आलं’ ही आपल्याकडची सगळ्यात मोठी शिफारस. हा समज तपासून पाहायला उत्तर नागपुराइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. तिथं जरीपटका आणि इंदोरा एकमेकांना लागून आहेत. जरीपटका फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंच्या वस्तीनं नावारूपाला आला. इंदोरा ही आंबेडकरी चळवळीतली नावाजलेली वस्ती. सोसलेली माणसं दोन्हीकडं होती. पण नागपूरच्या दलित वस्त्यांनी मराठीला आणि हिंदीला अशी आत्मकथनं दिली, की त्यांच्यावाचून या प्रकाराचा इतिहास लिहिता येत नाही. आणि नाव घेताच दहा वाचकांना आठवेल असं जरीपटक्याचं एकही पुस्तक मराठीत नाही. दुःखातून पुस्तक आपोआप होत असतं, तर असं घडायला नको होतं. माझं म्हणणं असं, की चटका लावणाऱ्या पुस्तकाला दुःखाखेरीज तीन गोष्टी लागतात: ऐकून घेणारी आपली माणसं, शाळेत शिकलेली आणि पुढच्या पिढीलाही वाचता येणारी भाषा, आणि लिहिण्याला काही कारण. नागपूरच्या एका भागाला या तिन्ही मिळाल्या, शेजारच्या भागाला मिळाल्या नाहीत. कशा मिळाल्या आणि का मिळाल्या नाहीत, हाच इथला इतिहास आहे.

आधी जरीपटका. सिंध 1847 पासून मुंबई इलाख्यात होता आणि 1936 साली वेगळा प्रांत झाला. म्हणजे जवळपास नव्वद वर्षं पुणे आणि कराची एकाच सरकारच्या कारभारात होती. कराचीतली सगळ्यात जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते. 1941 च्या जनगणनेत सिंधमध्ये हिंदू चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक होते, आणि शहरांत, व्यापारात, कचेऱ्यांत, शाळांत त्यांचं वजन या आकड्याहून बरंच जास्त होतं. फाळणी झाल्याबरोबर ते सगळे उठून निघाले असं झालं नाही. बरेच जण थांबले होते. 1947 च्या डिसेंबरात हैदराबादेत आणि 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली, घरं लुटली गेली, आणि मग बोटींनी मुंबईकडं, आगगाड्यांनी राजस्थानकडं लोंढे सुरू झाले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, पिंपरीला कॅम्प पडला, आणि तेव्हाच्या मध्य प्रांताच्या राजधानीत, नागपुरात, जरीपटक्याला वस्ती उभी राहिली.

या माणसांना सरकारनं एक गोष्ट मात्र लिहून मागितली. ती होती ‘क्लेम’. 1950 च्या कायद्यानं पश्चिम पाकिस्तानात मागं राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवून पडताळायची व्यवस्था केली आणि 1954 च्या कायद्यानं भरपाईची. क्लेम हा शब्द मग निर्वासितांच्या घराघरांत रुळला. अर्जात काय लिहायचं, तर घर कोणत्या गावात, दुकान असेल तर कुठं, जमीन किती, किंमत काय, पुरावा कोणता. निर्वासित सिंधी माणसानं आपल्या गेलेल्या आयुष्याबद्दल भारतात केलेलं पहिलं लेखन बहुधा हेच असणार. ते बारकाईनं, आठवून आठवून, साक्षीदार गाठून केलेलं होतं. मात्र त्याला फक्त भिंती आणि बिघे चालत. भाड्याच्या घरात राहणाऱ्या शाळामास्तरापाशी या अर्जात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आठवण सांगायची ती मोबदल्यासाठी, आणि मोबदला मिळाला की विषय संपला, असं वळण सुरुवातीलाच पडलं. पुढं कुणी लिहिलं नाही याचं सगळं खापर या अर्जावर फोडता येणार नाही, पण निर्वासिताला दुसरा कुठला प्रश्न त्या काळात कुणी विचारला नव्हता हे खरं.

आता शेजार. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ 1981 चं. वसंत मून यांचं ‘वस्ती’ 1995 चं. कौसल्या बैसंत्री यांचं ‘दोहरा अभिशाप’ 1999 चं, तेही हिंदीत. तिघंही नागपूरच्या वस्त्यांतून आलेली. मून सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यातले, बैसंत्री खलाशी लाइनीतल्या. ही पुस्तकं दया पवारांच्या ‘बलुतं’नंतरची म्हणून त्यांना ‘बलुतं’च्या लाटेत टाकायची सवय आहे. 1978 च्या ‘बलुतं’नं वाट मोकळी केली यात वाद नाही. पण नागपूरची तयारी त्याच्या शंभर वर्षं आधी सुरू झाली होती आणि ती पुस्तकांनी झाली नव्हती. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धावता धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि विटाळ आडवा येई. विदर्भात महार समाज पिढीजात विणकर. नागपूरच्या गिरणीत त्याला शिरकाव मिळाला आणि गावकीच्या बलुत्याऐवजी रोख पगार हातात आला. बैसंत्रींचे आईवडील याच गिरणीत कामाला होते. किसन फागुजी बनसोडे यांनी 1910 च्या सुमारास नागपुरात छापखाना काढला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रं एकामागून एक चालवली. जाईबाई चौधरी यांनी मुलींची शाळा काढली. 1920 साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद नागपुरात भरली, 1930 साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दुसरी, आणि 1942 च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना करणारी तिसरी. या तिसरीच्या जोडीला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची वेगळी परिषद झाली. मग 14 ऑक्टोबर 1956, धम्मदीक्षेचा दिवस.

ही सनावळी एवढ्यासाठी दिली, की आत्मकथन हा प्रकार नागपुरात कागदावर येण्यापूर्वी व्यासपीठावर आला. परिषदेत बाई उभी राहते आणि आपल्या गावच्या विहिरीवर काय झालं ते सांगते, तेव्हा ती आपलं वैयक्तिक गाऱ्हाणं सगळ्यांच्या ठरावात बदलत असते. समोर बसलेल्यांना त्या विहिरीची माहिती असते, म्हणून अतिशयोक्ती करून चालत नाही. आणि त्यांना तीच गोष्ट नव्या अर्थानं ऐकायची असते, म्हणून नुसतं रडूनही चालत नाही. दोन पिढ्या अशा सभांत बसल्यावर तिसऱ्या पिढीला लिहायला बसताना आपलं आयुष्य सांगण्याजोगं आहे का, असा प्रश्न पडत नाही. पुण्या-मुंबईच्या मासिकांत पुढं दलित आत्मकथनांवर जी चर्चा झाली, तिच्यात हा भाग फारसा आलाच नाही. वेदनेचा हुंकार, दाबलेला आक्रोश असली विशेषणं वापरली गेली. अशा विशेषणांत लेखकाची अक्कल आणि तालीम दोन्ही झाकली जातात.

पुस्तकं उघडून पाहिली तर हे अधिक स्पष्ट होतं. पावडे यांच्या पुस्तकातला सगळ्यात गाजलेला लेख त्यांच्या संस्कृत शिक्षणाचा आहे. दलित मुलगी संस्कृत शिकते, गोखले गुरुजींसारखे शिक्षक तिला मनापासून शिकवतात, ती एम.ए. होते, आणि मग नोकरी मिळत नाही. मिळते ती आंतरजातीय लग्न करून सोमकुवरची पावडे झाल्यावर. हा प्रसंग रडायला लावायला पुरेसा होता. पावडे तो कोरडेपणानं हाताळतात: आपण संस्कृतच्या प्राध्यापक आहोत म्हणून आपलं कौतुक करणाऱ्यांना त्या दाखवून देतात, की नोकरी सवर्ण आडनावाला मिळाली, आपल्या जन्माच्या आडनावाला ती मिळाली नव्हती. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत त्याला हिशेब तपासायला बसवलं जातं. मून यांची तर वृत्तीच वेगळी. त्यांनी पुढं महाराष्ट्र शासनासाठी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित केले. पहिला खंड 1979 चा. कागद जपण्याची, नावनिशीवार नोंद करण्याची ही सवय ‘वस्ती’त पानोपानी दिसते. पुस्तकाला नाव लेखकाच्या आयुष्याचं नाही, मोहल्ल्याचं आहे. उपासमार त्यात आहे, पण आखाडे, पैलवान, समता सैनिक दल, शाळा, भांडणं आणि कार्यकर्ते इतक्या गर्दीनं येतात, की उपासमारीला एकटीला पान मिळत नाही. गेल ऑम्वेट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि 2001 साली ते अमेरिकेतून निघालं, तेव्हा नाव मात्र अस्पृश्य म्हणून वाढण्याबद्दलचं दिलं गेलं. मोहल्ला जाऊन वेदना शीर्षकात आली. बाहेरच्या वाचकाला काय हवं असतं याचा अंदाज प्रकाशकाला होता, असं म्हणायला हरकत नाही.

अर्थात हा अंदाज मराठी प्रकाशकालाही होताच, आणि फार आधीपासून. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. कादंबरी असून तिनं रूप घेतलं ते यमू नावाच्या बाईच्या आत्मवृत्ताचं. म्हणजे विधवांच्या खऱ्या आत्मचरित्रांना मराठीत जागा मिळण्यापूर्वी एका पुरुषानं रचलेल्या आत्मचरित्रावर मराठी घरं रडली. खरं आत्मवृत्त पुढं आलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 च्या, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासूनचं. लक्ष्मीबाईंनी तर रडण्याच्या जागी हसवलं, आणि मराठी वाचकाला ते थोडं चमत्कारिकच वाटलं असावं. त्याच सुमारास साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ काही दिवसांत लिहून काढली. 1935 ला ती पुस्तकरूपानं आली, 1953 ला अत्र्यांनी चित्रपट केला, आणि अश्रू हे वाचनाचं माप म्हणून कायमचं ठरलं. गुरुजींच्या पुस्तकात आईच्या प्रेमाइतकीच अस्पृश्यतेविरुद्धची शिकवणही आहे. ती किती वाचकांच्या लक्षात राहिली हे पाहण्यासारखं आहे. रडून झालं की आपण पुस्तकाला देणं लागत नाही, अशी एक सुटका रडण्यात असते. दलित आत्मकथनं मराठीत आली ती अशा वाचकाच्या हातात, आणि त्यातली चांगली पुस्तकं या वाचकाशी सावधपणे वागतात. ‘बलुतं’मधला सुशिक्षित दया पवार जुन्या दगडू मारुती पवारशी बोलत राहतो ते उगाच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सिंधी समाज व्यापारी, त्याला दुकानातून सवड कुठली, आणि लिहिण्याची आवड तरी कुठली? महाराष्ट्रात सिंधी माणसाबद्दल यापुढं विचार करायची पद्धतच नाही. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या विनोदावर आपण दोन पिढ्या भागवल्या. पण आक्षेप वस्तुस्थितीपुढं टिकत नाही. सिंधमधल्या हिंदूंत आमिल म्हणून ओळखला जाणारा वर्ग कारकुनी, वकिली, शिक्षकी पेशाचा होता. फाळणीनंतर सिंधी लेखन थांबलं नाही, उलट भारतात त्याला बहर आला. सुंदरी उत्तमचंदाणी यांची ‘किरंदड़ दीवारूं’ ही कादंबरी 1953 ची. इंदूरच्या कृष्ण खटवाणी यांना 1980 साली त्यांच्या कादंबरीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1982 चा पुरस्कार पोपटी हिरानंदाणी यांच्या आत्मचरित्राला होता. या बाई हैदराबाद सिंधच्या, फाळणीनंतर मुंबईत आल्या, के. सी. कॉलेजात सिंधी शिकवत राहिल्या. ते कॉलेज 1954 साली सिंधहून आलेल्या शिक्षणवाल्यांनीच उभं केलेलं. म्हणजे जिथं कॉलेज, विद्यार्थी, मासिकं आणि आपसात भांडणारे लेखक होते तिथं आत्मचरित्र झालं. मुंबई, उल्हासनगर, अजमेर, इंदूर, आदिपूर इथं ते वर्तुळ जमलं. नागपुरात शाळा निघाल्या, सिंधूच्या नावाचं महाविद्यालयही झालं, पण शिक्षणाची भाषा लवकरच हिंदी-इंग्रजी झाली. समाज व्यापारी असल्यानं लेखन झालं नाही हे म्हणणं म्हणूनच सोडून द्यावं. लेखन झालं, पण ते ज्या लिपीत झालं ती जरीपटक्यात जन्मलेल्या मुलाला येत नव्हती.

लिपीचा मुद्दा नीट पाहिला पाहिजे, कारण सगळी गुंतागुंत तिथं आहे. सिंधी लिहिण्यासाठी 52 अक्षरांची अरबी वळणाची लिपी 1853 साली मुंबई सरकारच्या अंमलाखाली ठरवून दिली गेली. शंभर वर्षांत तिच्यात शाळा, पत्रं, कविता, कादंबऱ्या उभ्या राहिल्या. भारतात आल्यावर प्रश्न उभा राहिला, की ही लिपी ठेवायची की देवनागरी घ्यायची. जुने लेखक बहुतांशी अरबी लिपीच्या बाजूनं, कारण त्यांचं सगळं साहित्य तिच्यात. देवनागरीच्या बाजूचे म्हणत, मुलं ज्या देशात वाढणार त्या देशाची लिपी घ्या. सरकारनं अखेर दोन्ही मान्य केल्या. दोन्ही मान्य झाल्यानं वाद मिटला, पण वाचक विभागला गेला. 10 एप्रिल 1967 ला सिंधी आठव्या अनुसूचीत आली. तोपर्यंत निर्वासितांची पहिली मुलं हिंदी माध्यमातून शाळा संपवून दुकानात किंवा कॉलेजात गेली होती. आजोबांच्या हातची वही नातवाला उजवीकडून डावीकडं वाचता येत नव्हती. याउलट नागपूरच्या दलित वस्तीत आजीची भाषा, शाळेची भाषा, सभेची आणि वर्तमानपत्राची भाषा एकच होती, थोडी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकानात बसून सामान बांधायच्या रद्दी कागदांवरचं वाचत वाचत वाचनाची गोडी लावून घेतली आणि घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिलं. रद्दीचा तो कागद त्यांना वाचता येत होता. एवढी साधी सोय जरीपटक्यातल्या दुसऱ्या पिढीला आपल्या भाषेत नव्हती.

इथं अधिक धारदार आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. बैसंत्रींची मातृभाषा मराठी असून त्यांनी हिंदीत लिहिलं. मग हिंदीत शिकलेल्या जरीपटक्यानं हिंदीत का लिहू नये? भाषेची अडचण होती तर ती एका बाईनं ओलांडून दाखवली होतीच की. याचं उत्तर बैसंत्रींच्याच भूमिकेत सापडतं. हिंदीत दलित स्त्रीचं आत्मचरित्र नव्हतं, म्हणून त्यांनी ते मुद्दाम हिंदीत लिहिलं. पतीशी आलेले कटू अनुभव उघड केल्यावर घरचे दुखावतील हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. विद्यार्थिदशेपासून चळवळीत वावरल्यानं रिकामी जागा कुठं आहे आणि ती आपण का भरायची, हे त्यांना ठाऊक होतं. हिंदी त्यांना कारणासाठी हवी होती. सिंधी निर्वासिताला हिंदीत असं कारण कुणी दिलं नाही, आणि हिंदीतली फाळणीची जागा तर आधीच भरलेली होती. ती पंजाबची होती. यशपालांचा ‘झूठा सच’, भीष्म साहनींचं ‘तमस’, दोन्ही पंजाबच्या रक्तपाताचे. 1988 साली दूरदर्शनवर ‘तमस’ आलं आणि देश हादरला. ते दिग्दर्शित केलं गोविंद निहलानींनी. त्यांचा जन्म 1940 सालचा, कराचीतला, कुटुंब फाळणीत उठून आलेलं. कराचीच्या मुलालाही फाळणी दाखवायची तर पंजाबची दाखवावी लागली, यात त्यांचा दोष काही नाही. पण सिंधच्या गोष्टीला कुणी गिऱ्हाईक नव्हतं याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

याच धाग्यावर काही जण म्हणतील, की सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नाही, मग लिहिण्यासारखं होतं काय? हा आक्षेप ऐकायला निर्दय वाटतो, पण अनेक सिंधी माणसंच तो करतात: आम्ही जिवंत आलो, शेजाऱ्यांनी रडून निरोप दिला, तक्रार कसली? नंदिता भवनानी आणि रिटा कोठारी यांनी या समाजाशी बोलून इंग्रजीत जी पुस्तकं केली, त्यांत हा सूर वारंवार येतो. रक्त कमी सांडलं हे खरंच आहे. पण पंजाब आणि बंगाल वाटले गेले, सिंध अख्खा गेला. अमृतसरच्या बाजूला पंजाबी बोलणारा मुलूख उरला, कोलकात्याच्या बाजूला बांगला बोलणारा. सिंधी माणसाला भारतात आपल्या भाषेचा एक जिल्हाही नाही. आणि दलित आत्मकथनांकडं पाहावं तर त्यांतली उत्तम पानंही कत्तलींची नाहीत. ती शाळेतल्या वेगळ्या बसण्याची, आडनाव विचारण्याची, आईच्या मजुरीची आहेत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची, वऱ्हाडातल्या एका शिंपी घरातल्या कौतिकची. तीत एकही मोठा अत्याचार नाही, आणि तिच्याइतकी पिळवटून टाकणारी कादंबरी मराठीत थोडी सापडेल. हानी किती रक्तरंजित आहे यावर पुस्तकाची शक्यता ठरत नाही.

याचा एक पुरावा कोल्हापूरजवळ आहे आणि तो मराठी वाचकाला फारसा माहीत नसतो. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेल्या पोलिश निर्वासितांसाठी 1943 पासून वळिवडे इथं मोठी छावणी होती; हजारो बायका-मुलं तिथं पाच वर्षं राहिली, शाळा शिकली, नाटकं केली. ती निघून गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. जागा तीच, बराकी त्याच. छावणीत वाढलेली पोलिश मुलं पुढं इंग्लंड-पोलंडात पांगली तरी त्यांनी आपली संघटना केली, भेटत राहिली, आठवणी आणि कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ काढला, म्हातारपणी कोल्हापूरला येऊनही गेली. गांधीनगर घाऊक कापडाच्या पेठेसाठी प्रसिद्ध झालं. पोलिशांना संघटना होती, स्वतःची शाळा आणि लिपी होती, आणि आपल्या देशाचा जो इतिहास सोव्हिएत सत्तेखाली बोलता येत नव्हता तो नोंदवून ठेवायचं कारण होतं. एकाच बराकीत राहून गेलेल्या दोन निर्वासित समाजांत लेखनाच्या बाबतीत एवढा फरक पडावा, ही गोष्ट स्वभावधर्मानं समजावता येत नाही.

शेवटचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. गप्प राहणं हाही निर्णय असू शकतो. दहा वर्षांत छपरं पक्की करायची, मुलींची लग्नं करायची, बाजारात पत कमवायची, तर मागं वळून पाहण्याची चैन परवडत नाही. आणि आपलं दुःख जाहीर न करण्यात एक स्वाभिमान असतो. उर्वशी बुटालियांनी पंजाबातल्या फाळणीच्या मौनावर 1998 साली लिहिलं तेव्हा हेच समोर आलं, की बोलणारी माणसं पन्नास वर्षं गप्प होती. पण त्या मौनाला पंजाबात एक दिवस कुणीतरी जाऊन विचारलं. महाराष्ट्रात विचारायला जाणारा मराठी माणूसच होता, आणि तो गेला नाही. 1948 च्या जानेवारीत कराचीची दंगल झाली आणि महिनाअखेरीस गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली. दुसऱ्या घटनेवर व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली. पहिल्या घटनेमुळं उल्हासनगरपासून नागपूरपर्यंत महाराष्ट्राचा नकाशा बदलला, तरी तिच्यावर त्या तोडीची मराठी कादंबरी झाली नाही. दलित आत्मकथनांच्या वेळी निदान काही संपादक, काही प्रकाशक पुढं आले, भांडणं झाली, आणि भांडण हे ऐकण्याचंच एक रूप आहे. ‘बलुतं’वर सगळ्यात कडक टीका दलित वाचकांनीच केली, आपल्या घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून. सिंधी आठवणींशी मराठी वाचकानं भांडण्याइतकीही ओळख ठेवली नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे थोडं बदलतं आहे. नातवंडं इंग्रजीत लिहू लागली आहेत. पुण्यात राहणाऱ्या साज अगरवाल यांचं सिंधच्या आठवणींवरचं पुस्तक 2012 चं. ही पुस्तकं जिव्हाळ्यानं केलेली आहेत आणि ती नसती तर हातात काहीच उरलं नसतं. पण नातवंडानं विचारलेल्या आठवणी आणि चळवळीत उभं राहून सांगितलेल्या आठवणी यांत फरक पडतोच. आजी नातीला हवेलीचं अंगण सांगते, पापड आणि लोणची सांगते, सोडून आलेली माणसं किती भली होती ते सांगते. हवेलीच्या जमिनी कसणारे हारी, म्हणजे मुसलमान कुळं, त्यांच्यावरचं सावकारी कर्ज, घरात राबणारी माणसं, यांच्याबद्दल नात सहसा विचारत नाही, आणि विचारलं तरी आजी बोलणं दुसरीकडं नेते. मून किंवा पावडे यांना अशी मुभा नव्हती, कारण त्यांचा पहिला वाचक तीच वस्ती ओळखणारा होता. जरीपटक्यात आज नव्वदीला टेकलेल्या माणसानं वयाच्या दहा-बाराव्या वर्षी सिंध सोडला असेल, आणि त्याला विचारायचे प्रश्न घराच्या मापाचे किंवा पापडाच्या कृतीचे नसावेत. कुळांचं काय झालं हे विचारावं. कॅम्पात आल्यावर इंदोऱ्यातल्या माणसांशी पहिल्यांदा बोलणं कशावरून झालं, पाणी कुठून भरलं, दुकानात उधारी कुणाला दिली आणि कुणाला नाही, हे विचारावं. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला पांढऱ्या कपड्यातले लाखो लोक नागपुरात आले होते, त्या दिवशी जरीपटक्यातली दुकानं उघडी होती की बंद, आणि वडिलांनी घरी येऊन त्याबद्दल काय सांगितलं, हेही.